ऊन लागलेला रुग्ण आणि अधिवृक्क ग्रंथी

नवतपा सुरू झाला की नागपुरात आमच्या मेडिसिन वॉर्डात ऊन लागलेल्या रुग्णांची रीघ लागते. त्या दुपारी काटोलकडच्या संत्राबागेत राबणारे चाळिशीचे एक गृहस्थ आले, तेही चक्कर येऊन पडलेले, सकाळपासून उलट्या आणि रक्तदाब ८०/५०. सोबतच्या चिठ्ठीवर ऊन लागल्याचेच निदान होते. सलाईन लावत असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "साहेब, तीन-चार महिन्यांपासून वाळत चालले आहेत. जेवाले नाही म्हणतात, अन् मीठ मात्र हातावर घेऊन चाटतात."

मिठाचा उल्लेख ऐकून मी त्यांचा तळहात उलगडून पाहिला. चेहरा उन्हाने रापलेला असणे स्वाभाविकच होते, परंतु हाताच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या होत्या आणि ओठ उलटल्यावर हिरड्यांवरही निळसर काळे डाग दिसले. तिथे ऊन पोहोचत नाही. रक्ताच्या अहवालात सोडियम ११८, म्हणजे फारच कमी, आणि पोटॅशियम ६.१ आले. नुसत्या उलट्यांनी पोटॅशियम सहसा घटते. इथे ते वाढलेले होते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या, की त्यांत तयार होणारी दोन संप्रेरके कमी पडतात: अल्डोस्टेरॉनअभावी सोडियम लघवीवाटे वाहून जाते आणि पोटॅशियम साचते, तर कॉर्टिसॉलअभावी रक्तदाब सावरत नाही. कॉर्टिसॉलचा लगाम सुटल्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे एसीटीएच हे संप्रेरक भरमसाट स्रवू लागते आणि त्याचाच परिणाम त्वचेतल्या रंगपेशींवर होऊन काळेपणा येतो. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये या आजाराचे जे वर्णन केले, ते आजही रुग्णाच्या खाटेशेजारी तंतोतंत जुळते, याचे मला फार अप्रूप वाटते.

अशा वेळी अहवालाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घेतले आणि लगेच १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसॉलच, शिरेतून दिले. रात्री राउंडला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि चहा मागत होते.

कॉर्टिसॉल जवळपास नव्हतेच. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या आणि पुढील तपासणीत क्षयाचे निदान पक्के झाले; आपल्याकडे या आजारामागे क्षय असणे नवीन नाही. उपचारांत मात्र एक मेख होती. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृतात कॉर्टिसॉलचा निचरा वेगाने करते, त्यामुळे हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा नेहमीपेक्षा वाढवावी लागली आणि जोडीला अल्डोस्टेरॉनची उणीव भरून काढणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन सुरू केले. घरी पाठवताना दोघांनाही समोर बसवून सांगितले, की गोळ्या जन्मभर घ्यायच्या, ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट करायचे आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी थेट रुग्णालय गाठायचे.