आमची वाटचाल : कळीचं तेल, पानाचं तेल

आम्ही लवंगेच्या कळीचं तेल काढतो. हे पहिल्याच ओळीत सांगावं लागतं, कारण निम्म्या भावात ‘शुद्ध लवंग तेल’ म्हणून मिळणारं तेल बऱ्याचदा पानाचं असतं. पान आणि कळी एकाच झाडाची, त्यामुळे त्याला खोटंही म्हणता येत नाही. आमचं दुखणं तिथेच आहे.

सुरुवात ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे वाफेने तेल काढायच्या, 50 लिटरच्या स्टीलच्या भांड्याने झाली. लोखंडी स्वस्त पडलं असतं, पण युजेनॉल, म्हणजे लवंग तेलातला मुख्य घटक, लोखंडाला लागलं की तेल काळपट होतं. 5 किलो कळी जाडसर भरडायची आणि लगेच भांड्यात टाकायची. भरड रात्रभर पडून राहिली की वास गोदामाला, तोटा आपल्याला. हे तेल पाण्याहून जड. निलगिरी किंवा गवती चहावाल्यांचा वरून तेल काढायचा सेपरेटर इथे कामाचा नाही, तोटी तळाला हवी. वरचं दुधाळ पाणी ओतून द्यायचं नाही, परत भांड्यात सोडायचं. त्यातही तेल असतं. एवढं पाळलं तर 5 किलोला 700 ते 800 ग्रॅम उतरतं.

पुढची पाच वर्षं बरी गेली.

मग एका नव्या विक्रेत्याने भाव पाडला. गिऱ्हाईकासमोर कॅसिया फ्लास्कची (लांब, खुणा केलेल्या मानेच्या काचेच्या भांड्याची) चाचणी करून दाखवणं ही आमची मिजास होती. 10 मिली तेलात कॉस्टिक पोटॅश या अल्कलीचं पातळ द्रावण घालून हलवायचं. युजेनॉल विरघळतं, न विरघळलेलं फ्लास्कच्या लांब मानेत चढतं. तिथे 1.5 मिली दिसलं तर युजेनॉल 85 टक्के. गोडेतेल मिसळलेला माल इथे हमखास सापडतो. पानाचं तेल मात्र आमच्याइतक्याच रुबाबात पास होतं! कळीत युजेनिल ॲसिटेट हा आणखी एक घटक 4 ते 15 टक्के असतो, पानात नावाला. पण तो दिसायला गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातला एकेक घटक वेगळा करून मोजणारी प्रयोगशाळेतली तपासणी, लागते, आणि तेवढं थांबायला दुकानदाराला वेळ नसतो.

भावात टिकायचं म्हणून आम्ही बाटलीत पैसे वाचवले. ड्रॉपरचा रबरी फुगा स्वस्तातला घेतला आणि तिथेच बुडता बुडता राहिलो. युजेनॉल रबर फुगवतं. दोन महिन्यांत फुगे चिकट झाले, तेल तपकिरी पडलं, ज्या थर्माकोलच्या साच्यात बाटल्या उभ्या होत्या त्याला तेलाने भोकं पाडली. अख्खा लॉट परत आला. आता अंबर काच आणि थेंब पाडणारं पॉलिथिनचं बूच. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी बूच आधी ठरवावं, लेबल मग.

त्या वर्षी ऑर्डर थांबवली नाही ती मिरजेच्या एका जुन्या दंतवैद्यांनी. काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडमध्ये तेल घोटून ते तात्पुरतं सिमेंट भरतात. त्याच दाढेत पुढे कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं मिश्रण) भरायचं असेल तर मात्र युजेनॉल लावत नाहीत, रेझिन नीट घट्ट होत नाही म्हणून. आमची फुशारकीही त्यांनीच उतरवली : ‘दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स जंतूचं पेशीपटल फोडतं ते युजेनॉल, आणि ते पानातही भरपूर आहे.’ खरं आहे. म्हणून ‘कळीचं तेल जास्त जंतू मारतं’ असं आम्ही लेबलवर कधी छापलं नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पान विकायचं तर पान लिहून विका.

आता न विचारता सांगतो. निव्वळ तेल हिरडीला चोळू नका, भाजतं. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, जादाचं टिपून, फक्त खड्ड्यात. ठणका थांबला तरी कीड आत चालूच असते, दवाखाना चुकवू नका. लहान मुलांना देऊच नका. पोटात गेलं तर यकृताला धोका. गुळण्यांसाठी पाण्यात थेंब टाकून ढवळणाऱ्यांच्या पेल्यात तेल तळाशी बसतं आणि शेवटच्या घोटाला तोंड पोळतं. तेलाच्या चार-पाच पट पॉलिसॉर्बेट 20, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा द्रव, घ्या. आधी तेल त्यात एकजीव करा, पाणी नंतर, थोडंथोडं.