पाच झाडं की एक?

संरक्षित वनाचा फलक लागून जेमतेम महिना झाला होता. रंगाचा वासही गेला नव्हता. टेकड्या बुटक्या, पण झाडी दाट. पहिली मोजणी आमच्याकडे होती. २० बाय २० मीटरचे चौकोन आखायचे, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा, पत्र्याचा क्रमांक लावायचा. उतारावर टेप जमिनीलगत ओढली की चौकोन लहान भरतो, म्हणून ती हवेत आडवी धरावी लागते. खांदे भरून येतात.

टेपचं दुसरं टोक तिथल्याच एका काकांकडे होतं. मी भराभर लिहीत होते: ४२, ४०, ४३, ४१, ४२ सेंटीमीटर. एका जागी पाच झाडं, सगळी एका मापाची! काका म्हणाले, "ताई, ही पाच नव्हेत. एकच आहे." त्यांनी पायानं पाचोळा सारला. मधोमध कुजत आलेला जुना बुंधा, पाचही खोडं त्याच्या कडेनं फुटलेली. तोड एकाच वेळची, म्हणून जाडीही सारखी. सकाळचे दोन चौकोन माझ्या डोळ्यांपुढे आले. झालं, पुन्हा मोजणं आलं.

वर चढताना उतारात मध्येच एक गोल, सपाट जागा लागली. मी टेकायला बसले, तर तळवे काळे झाले. माती उकरली तर कोळशाचे तुकडे.

"भट्टी," काका म्हणाले. लाकडं रचून वर पाला आणि माती लिंपायची, आत हवा जेमतेम जाऊ द्यायची. मग ते दिवसचे दिवस धुमसत राहायचं. लहानपणी त्यांनी रात्री राखण केलेली. कुठं भेग पडली की लगेच माती टाकायची, नाहीतर कोळशाची राख. "पांढरा दाट धूर म्हणजे लाकडातलं पाणी जातंय. धूर पातळ, निळा झाला की माल तयार."

आमच्या तक्त्यात 'पूर्वीची तोड' असा रकाना होता. त्यात मी सकाळीच, जंगलाकडे नुसतं बघून, 'नाही' लिहून ठेवलं होतं. ते खोडताना काळा अंगठा कागदावर उमटला.

अंधार पडेपर्यंत सकाळचे दोन्ही चौकोन कसेबसे पुन्हा झाले. एकात सदतीसची एकवीस झाडं उरली. काका आता मला टेप लावूच देत नव्हते. आधी बुंध्याचा पाचोळा सारायचा, मग माप.