ऑक्टोबरचा पहिला मंगळवार

आज दुपारी 'बॉर्गेन' या डॅनिश मालिकेच्या पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग सलग पाहिले. चहा दोनदा गार झाला. लढाऊ विमानांच्या खरेदीशी पतीच्या नव्या कंपनीचा संबंध असल्यामुळे पंतप्रधान बिर्गिटे त्याला ती नोकरी सोडायला लावते, आणि पक्षांच्या सगळ्या कारस्थानांपेक्षा हाच प्रसंग मला अधिक अस्वस्थ करून गेला, कारण नियमाने पाहता बरोबर तिचेच होते. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी १७९ सदस्यांच्या संसदेचे नवे अधिवेशन सुरू होते, त्या दिवशीचे तिचे भाषण उत्तमच आहे. पण घर मोडत असताना सिडसे बाबेट क्नुडसेनने चेहऱ्यावर राखलेला संयम (अभिनय असावा तर असा) त्याहून कितीतरी अधिक बोलतो. दुसरे पर्व लगेच सुरू करण्याचे धैर्य झाले नाही.