कुठल्या वर्षाचे नियम?

रविवार, रात्री उशिरा

"आत्ताचेच नियम आज्जी, अजून कुठले?" रोहन इतक्या सहज बोलून गेला की मला पुढे काही सुचलंच नाही. "बरं, ठरवू," म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय.

आमचा सामना पुढच्या रविवारी. माझा संघ विरुद्ध त्याचा, आजवरच्या सगळ्या अमेरिकन फुटबॉलपटूंमधून निवडलेला. मधुरा आणि केविन पंच. प्रत्यक्षात कुणी खेळायचं नाही, प्रत्येकाने आपली बाजू मांडायची आणि शेवटी पंचांनी गुणफलक सांगायचा. याआधी मी हरले आहे, पण अशी रात्र गेली नव्हती. म्हणजे हरण्याची भीती नाही ही. मग काय आहे?

वही पुन्हा उघडून बसले. माझ्या डिफेन्समध्ये, म्हणजे बचावफळीत, डीकन जोन्स, जो ग्रीन, बटकस, लॅम्बर्ट आणि हॅम, मागे मेल ब्लाउंट आणि नाइट ट्रेन लेन. लेनने १९५२ साली, पहिल्याच मोसमात, १२ सामन्यांत १४ इंटरसेप्शन्स घेतली, म्हणजे समोरच्याचे पास मध्येच पकडले. आता १७ सामने असतात, तरी तो विक्रम अजून उभा आहे. चेंडू घेऊन पळायला जिम ब्राउन. नऊ मोसम खेळला, त्यातल्या आठ मोसमांत सगळ्यांत जास्त यार्ड त्याचे. त्याच्यासाठी स्टीलर्सच्या, म्हणजे आमच्या पिट्सबर्गच्या संघाच्या, फ्रँकोचं नाव खोडावं लागलं. ते खोडताना हात जड झाला होता, पण ते असो.

रोहनकडे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ब्रेडी, पळायला बॅरी सँडर्स, आणि पास झेलायला जेरी राइस आणि रँडी मॉस. ब्रेडी आणि मॉस २००७ सालचे, म्हणजे ब्रेडीचे ५० टचडाउन पास, थेट गुण मिळवून देणारे, आणि त्यातले २३ एकट्या मॉसला.

आता या मॉससमोर माझा ब्लाउंट उभा करायचा. ब्लाउंट सहा फूट तीन इंच, आणि त्याचा खेळ म्हणजे रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, पहिल्या पावलापासून अडवायचं. चेंडू हवेत जाईपर्यंत त्याला ढकलत राहायचं, धावण्याची लयच लागू द्यायची नाही. तेव्हा ते नियमात बसत होतं. १९७८ साली लीगने ते बंद केलं. पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्का द्यायचा नाही. त्या नियमाला लोक ब्लाउंटचंच नाव देतात. डीकन जोन्स समोरच्याच्या हेल्मेटवर थाड्कन हात मारून आत घुसायचा, तेही १९७७ पासून बंद. आणि ब्रेडीच्या नावानेही एक नियम आहे. २००८ मध्ये त्याचा गुडघा गेला, पुढच्या वर्षी ठरलं की जमिनीवर पडलेल्या खेळाडूने क्वार्टरबॅकच्या पायांवर झेप घ्यायची नाही. एका नियमाने माझ्या माणसाचे हात बांधले, दुसऱ्याने त्याच्या माणसाचे पाय जपले. आणि सामना म्हणे बरोबरीचा.

हेच लागलंय मला. रोहन जिंकेल याचं नाही. सामना कुठल्या वर्षी खेळवायचा हे विचारण्यासारखं आहे, हेच त्याला वाटलं नाही. जुन्यांनी आजच्यात यायचं, आपलं जे काही असेल ते दारात काढून ठेवायचं आणि वर सिद्धही करायचं की आम्ही बरे होतो. मॉसने १९७६ मध्ये जाऊन दाखवावं, असं कुणीच म्हणत नाही.

१९७६ च मनात येतं, कारण ती माझी पिट्सबर्गमधली पहिली थंडी. हे रात्रीपर्यंत लॅबमध्ये. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायचा, ही इथली रीत मला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी शिकवली. रेडिओवर स्टीलर्सचा समालोचक मायरन कोपचा तो चिरका, घोगरा आवाज. त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, पण माणूस खूश आहे की वैतागलाय ते कळायचं. पहिल्या पाचपैकी चार सामने स्टीलर्स हरले, क्वार्टरबॅक ब्रॅडशॉ जखमी झाला. आणि मग सलग नऊ जिंकले. त्यातल्या पाच सामन्यांत समोरच्याला एकही गुण दिला नाही, नवांत मिळून फक्त २८. मला नियम कळत नव्हते, शून्य कळत होतं. इथे आल्यापासून न विचारता कळलेली ती पहिली गोष्ट. पुढे ओकलंडकडून २४-७ हरलो, चेंडू घेऊन पळणारे फ्रँको आणि ब्लायर दोघेही जखमी होऊन बाहेर. मोसम विजेतेपदाविनाच गेला, तरी त्याहून चांगला डिफेन्स मी पाहिलेला नाही. रोहनच्या नियमांनी त्या नऊ सामन्यांतलं किती शिल्लक राहील?

ह्यांना विचारता आलं असतं तर... नको.

वहीत सेंटरच्या जागी माइक वेबस्टरचं नाव आहे. तिथे आले आणि थांबले. लाइनच्या मधोमध वर्षानुवर्षं डोक्याला डोकं भिडवून खेळलेला माणूस. २००२ मध्ये गेला, वय ५०. त्याच्या मेंदूत डॉ. ओमालूंना डोक्यावरच्या धक्क्यांनी झालेला जो आजार सापडला, तिथूनच हा सगळा विषय उघड्यावर आला. शेवटची वर्षं त्याने कशी काढली ते आज लिहवत नाही. मग तेच दिवस परत आणा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? रोहन शाळेच्या संघात होता तेव्हा मधुराशी मी याच कारणावरून भांडले होते. तेव्हा मला नवे नियमसुद्धा पुरेसे वाटत नव्हते.

बराच वेळ नुसती बसून होते. मग १९७८ आठवलं.

ज्या वर्षी नियम बदलले, ते वर्ष. डिफेन्सचा जोर कमी झाला, आता स्टीलर्स संपले असंच वाटायला हवं होतं. त्यांनी काय केलं, तर चेंडू फेकायला सुरुवात केली. स्वॉन आणि स्टॉलवर्थ हे दोघे रिसीव्हर होतेच, आता त्यांनाही कुणी ढकलू शकत नव्हतं. सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, डॅलसला ३५-३१ हरवलं, ब्रॅडशॉचे ३१८ यार्ड आणि चार टचडाउन. पुढच्या वर्षी पुन्हा विजेते. आणि ज्याच्या नावाचा नियम झाला तो ब्लाउंट १९७९ मध्ये प्रो बोलला, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला, १९८१ मध्येही. धक्के बंद झाले, तरी त्याचे पाय होते, नजर होती.

आणि मग युनायटस. माझा क्वार्टरबॅक, इथलाच पिट्सबर्गचा मुलगा. १९५५ मध्ये आपल्याच स्टीलर्सनी त्याला सराव शिबिरातून घरी पाठवलं, हे मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही. बॉल्टिमोरला जाऊन त्याने १९५६ ते १९६० सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास दिले, तेही रिसीव्हरला अडवू देणाऱ्या काळात, क्वार्टरबॅकला कुणी जपत नव्हतं तेव्हा. आत्ताचे नियम त्यालाही मिळणार. माझ्या रिसीव्हरला, रेमंड बेरीला, पाच यार्डांपुढे कुणी हात लावणार नाही, आणि युनायटसच्या पायांवर कुणी झेप घेणार नाही. रोहनने याचा विचार केलेला दिसत नाही.

वहीत लिहून ठेवलंय: नियम आत्ताचे, मान्य. पण माझी एक अट आहे. माझ्या लोकांना आधी एक उन्हाळा हवा, स्टीलर्सच्या लॅट्रोबच्या शिबिरात, नव्या नियमांनी सराव करायला. आल्या दिवशी कुणालाच जमत नाही. तेवढा वेळ दिला की मग पंचांनी खुशाल आकडा सांगावा. माझा मी लिहून ठेवलाय, ३१-२७, आणि युनायटसचे तीन पास बेरीला.