‘कोण म्हणतं?’ : संशोधनपर लेखन शिकताना

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला संशोधनपर लेखनाचा पेपर होता. सत्राअखेरीस प्रत्येकाने मुंबईशी संबंधित एका विषयावर संदर्भांसह दीर्घ निबंध द्यायचा होता. माझे आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते, त्यामुळे मी गिरणी संपाचा विषय घेतला आणि आपल्याला यातले बरेच ठाऊक आहे अशा समजुतीने पहिला खर्डा दोन दिवसांत लिहून दिला. तो परत आला तेव्हा त्यातले पहिलेच वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलेले होते. ते वाक्य असे होते : ‘18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले आणि या संपामुळे मुंबईतील गिरणी उद्योग बुडाला, असे म्हटले जाते.’ शेजारी समासात मॅडमनी लिहिले होते, ‘कोण म्हणतं?’ सहा पानांत हा प्रश्न अकरा ठिकाणी होता.

या एका वाक्यावर मॅडमनी वर्गात जवळजवळ अर्धा तास घालवला आणि त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही प्रकरणाने मला शिकवले नव्हते. संप कोणत्या तारखेला सुरू झाला हे सर्वज्ञात आहे, त्याला संदर्भाची गरज नाही. अडीच लाख हा आकडा मात्र कोणीतरी कधीतरी मोजलेला किंवा अंदाजाने सांगितलेला असतो. त्यात बदली (कायम नसलेले) कामगार धरले आहेत की नाहीत यावर तो बदलू शकतो, म्हणून तो कुठून घेतला हे सांगावेच लागते. आणि ‘संपामुळे उद्योग बुडाला’ ही तर माहिती नव्हेच, तो एक दावा आहे. जुनी यंत्रसामग्री, भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांची स्पर्धा, गिरण्यांत नवी गुंतवणूक न होणे आणि त्यांच्या जमिनींना आलेली किंमत ही कारणे मांडणारे अभ्यासकही आहेत. त्या सगळ्यांना मी ‘असे म्हटले जाते’ या तीन शब्दांखाली झाकून टाकले होते. आपल्या भाषेत बोलणाऱ्याला अदृश्य करण्याची सोय फार आहे. ‘म्हणे’, ‘असे मानतात’, ‘सर्वश्रुत आहे’ हे शब्द गप्पांमध्ये शोभतात, पण संशोधनात ते वाचकाची पडताळणीची वाटच बंद करतात. त्या दिवसापासून मी क्रियापदे निवडून वापरू लागले. एखादा लेखक ‘नोंदवतो’, ‘दावा करतो’, ‘मान्य करतो’ की ‘सुचवतो’, यात किती अंतर आहे हे मला तेव्हा प्रथमच जाणवले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. एका पुस्तकातला परिच्छेद मी ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहिला होता. प्रत्यक्षात मी वाक्यांची ठेवण तशीच ठेवून फक्त शब्द बदलले होते. ‘कामगार’च्या जागी ‘श्रमिक’ आणि ‘संप’च्या जागी ‘बंद’. मॅडमनी दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून दाखवले तेव्हा मला मनापासून लाज वाटली, कारण यात उसनवारी तर होतीच, शिवाय अर्थही बिघडला होता. संप म्हणजे बंद नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे. माझा परिच्छेद कदाचित त्या मर्यादेतही बसला असता, तरी तो माझा झाला नसता. त्यानंतर मी एक पद्धत ठरवली आणि आजही ती पाळते. टिपणवहीत पुस्तकातले शब्द काळ्या शाईने, अवतरणचिन्हांत, पृष्ठक्रमांकासह लिहायचे. मग पुस्तक मिटवून, त्यातले मला काय समजले ते निळ्या शाईने लिहायचे. निळ्या शाईत काहीच लिहिता आले नाही, तर पान पुन्हा वाचायचे.

विषयाचा प्रश्न होण्यासाठी आणखी तीन आठवडे गेले. ‘गिरणी संप’ हा निबंधाचा प्रश्न होऊ शकत नाही, हे मला पटत होते, पण नेमके विचारायचे काय हे सापडत नव्हते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक चाळताना ते सापडले. संप सुरू झाल्याची तारीख सगळे एकमुखाने सांगतात, संपल्याची मात्र कोणी ठामपणे सांगत नाही, कारण तो औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. ‘संप केव्हा संपला, हे वेगवेगळी साधने कसे सांगतात?’ हा माझा प्रश्न ठरला. (‘साधने’ हा शब्द मला आवडतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून मूळ कागदांसाठी तो मराठीत रुळलेला आहे.) 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, संपाचे नेतृत्व करणाऱ्या दत्ता सामंतांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनकडे नव्हता. संपाचा शेवट करारावर न होण्याचे हे एक कारण असावे, असे मी मांडले. हे ‘असावे’ मी विचारपूर्वक लिहिले होते. पुरावा जिथपर्यंत नेतो तिथेच थांबण्यासाठी तो शब्द आवश्यक होता.

माझे एक साधन घरातच होते. मी आजोबांची दोन बैठकांत मुलाखत घेतली आणि शब्द न् शब्द उतरवून काढला. आम्हाला संदर्भ देण्याची एपीए पद्धत सक्तीची होती आणि त्या पद्धतीत अशा मुलाखतीची गणना व्यक्तिगत संवादात होते. तिचा उल्लेख मजकुरात नाव आणि तारखेसह येतो, निबंधाच्या शेवटच्या संदर्भसूचीत येत नाही. वाचकाला ती मुलाखत शोधून पाहता येत नाही, हे त्यामागचे कारण मला पटले, तरीही मन काही केल्या मानेना. एमएलए या संदर्भ देण्याच्या दुसऱ्या पद्धतीत आजोबांचे नाव सूचीत आले असते. ज्यांनी ते दिवस प्रत्यक्ष काढले त्यांना सूचीत जागा नसावी, हे मला आजही खटकते आणि मी ते निबंधाच्या तळटीपेत लिहिलेही.

निबंध देण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना त्यांच्या नावाचा परिच्छेद वाचून दाखवला. मी लिहिले होते : ‘संप संपलाच नाही, असे ते म्हणतात.’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी असं नाही म्हणालो बाळा. संप संपला. आम्हीच एकेक करून आत जायला लागलो, कोण गावाला गेलं. मागे घेतला नाही, असं म्हणालो मी.”

मी टिपणवही उघडली. काळ्या शाईत त्यांचे शब्द अगदी तसेच होते, चूक निळ्या शाईतली होती. ते वाक्य मी खोडले आणि काळ्या शाईतले शब्द अवतरणचिन्हांत घालून तारखेसह त्या जागी लिहिले.