बी गिळली की चावली?

सीताफळ खाताना जिभेला जेवढं काम पडतं तेवढं फार थोड्या फळांत पडतं. पाकळी तोंडात घ्यायची, टाळूवर दाबून गर सोडवायचा, गुळगुळीत काळी बी गालाच्या कोपऱ्यात सरकवायची आणि मग बाहेर काढायची. या कवायतीत एखादी बी घशाखाली जातेच. मग फळ हातात तसंच धरून माणूस क्षणभर थांबतो: आता काही होणार तर नाही ना? होत नाही. बीचं कवच इतकं टणक असतं की पोटातल्या आम्लाचं तिच्यापुढे काही चालत नाही. जशी आत गेली तशी ती एक-दोन दिवसांत बाहेर पडते. पण तीच बी दाढेखाली फुटली किंवा मिक्सरच्या पात्यात सापडली, तर प्रकरण वेगळं.

फळांच्या बिया खाव्यात का, या प्रश्नाला एकच उत्तर शोधणारे इथेच फसतात. गर ही झाडाने दिलेली लाच आहे. प्राण्याने तो खावा आणि बी दूर कुठेतरी नेऊन टाकावी, एवढीच झाडाची अपेक्षा. बी चावून खाल्ली की झाडाचा सगळा व्यवहार तोट्यात जातो, म्हणून कडूपणा, तुरटपणा आणि विष यांचा बंदोबस्त बहुधा बीतच असतो. गर कितीही गोड असो, त्यावरून बीबद्दल काहीच ठरवता येत नाही. विचारायचं ते एवढंच: बी गिळली की फोडली, कच्ची की शिजवलेली, आणि किती?

सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ हे एकच कूळ. यांच्या बियांत अ‍ॅसिटोजेनिन वर्गातली द्रव्यं असतात आणि ती पेशींच्या ऊर्जानिर्मितीवरच घाला घालतात. किडे आणि उवा मारण्यासाठी या बियांची पूड वापरली जाते ती त्यामुळेच. उवांसाठी डोक्याला लावलेली पूड डोळ्यांत उतरून बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, तेव्हा तो उपाय नकोच. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचं प्रमाण जास्त आढळलं. 1999 मध्ये संशोधकांनी त्याचा संबंध या कुळातली फळं आणि त्यांच्या पानांचा काढा नेमाने घेण्याशी जोडला. कार्यकारणभाव अजून पक्का झालेला नाही. पण यातलं अ‍ॅनोनासिन हे द्रव्य उकळलेल्या काढ्यातही टिकून राहतं. म्हणजे ‘शिजवून घेऊ’ ही पळवाट इथे नाही.

सीताफळाचा गर काढताना म्हणूनच मिक्सर बाजूला ठेवावा. क्षणभर फिरवून थांबवलं तरी एखादी बी तडकतेच, आणि तो चुरा नंतर गरातून वेचता येत नाही. मोठ्या भोकांची चाळणी पातेल्यावर ठेवून गर पळीच्या पाठीने दाबत फिरवावा. दहा मिनिटं जास्त लागतात, पण बिया अख्ख्या वर राहतात.

याच्या अगदी उलट फणसाची आठळी. कच्ची आठळी पोटाला जड, कारण तिच्यात प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात. पण ती द्रव्यं स्वतःच प्रथिनं असल्यामुळे उष्णतेने मोडतात. आठळ्या धुऊन चिकट आवरण काढावं, बुडतील त्यापेक्षा थोडं जास्त पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पंचवीस-तीस मिनिटं उकळाव्यात. सुरी टोचली की ती न अडता आरपार गेली पाहिजे. मध्ये कडकपणा लागला तर अजून पाच-दहा मिनिटं द्यावीत. वरचं पांढरं, कागदासारखं कवच गार झाल्यावर नखाने सुटतं. ते टाकायचं. आतली तांबूस पातळ साल खाल्ली तरी चालते. भाजायच्या असतील तर आधी प्रत्येक आठळीला चीर द्यावी, नाहीतर आतल्या वाफेने ती फटकन फुटते आणि गरम तुकडे अंगावर उडतात. स्टार्च भरपूर असल्याने एका वेळी मूठभर पुरे. त्यापुढे वायूची तक्रार सुरू होते आणि दोष मात्र फणसाला जातो.

पपईची बी या दोन टोकांच्या मधली. चावली की मिऱ्यासारखी झणझणते, कारण मोहरीत असते तशीच रसायनांची जोडी तिच्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असते आणि बी फुटली की ती एकत्र येते. वरची बुळबुळीत पिशवी चोळून काढावी, बिया वाळवून कुटाव्यात आणि पाव चमचा पूड चवीपुरती वापरावी. एवढ्याने निरोगी मोठ्या माणसाला त्रास होऊ नये. चमचे भरभरून ‘पोट साफ करायला’ घेण्याची जी टूम निघाली आहे ती मात्र पटत नाही. लंगूर माकडांना बियांचा अर्क रोज दिला तेव्हा नरांच्या वीर्यातले शुक्रजंतू नाहीसे झाले आणि अर्क थांबवल्यावर काही महिन्यांनी परत आले. अर्क म्हणजे चिमूटभर पूड नव्हे, हे खरं. तरीही गरोदर बायकांनी आणि मूल हवं असलेल्या जोडप्यांनी ही चव सोडून द्यावी.

लिचीची बी गुळगुळीत, चकचकीत आणि खायची अजिबात नाही. रक्तातली साखर घसरवणारं एक अमिनो आम्ल 1962 मध्ये लिचीच्या बियांतूनच वेगळं केलं गेलं. ते गरातही थोडं असतं, अर्धकच्च्या फळात जास्त. 2014 मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरला मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारी जी साथ आली, तिच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिची खाणं आणि संध्याकाळचं जेवण न होणं, या दोन्ही गोष्टींचा संबंध आढळला. पोटभर जेवलेल्याला पिकलेल्या लिचीची भीती नाही. उपाशी लेकराच्या हातात मात्र लिच्यांचा घोस देऊ नये. लिचीच्याच कुळातलं जमैकाचं अ‍ॅकी तर पिकून आपोआप उकलल्याशिवाय खातच नाहीत, आणि त्याची काळी बी उकलल्यानंतरही विषारीच राहते.

लहान मुलांच्या बाबतीत रसायनाच्याही आधी आकाराचा विचार करावा. लिची आणि रामबुतानची निसरडी बी श्वासनलिकेत अडकायला अगदी मापाची असते, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलाला गर काढूनच द्यावा. चिकूच्या बीला एका टोकाला आकडा असतो. ती गिळली तर घशात रुतू शकते, त्यामुळे चिकू फोडी करून, बिया काढून खाल्लेला बरा.

पेरू, पॅशन फ्रूट, ड्रॅगन फ्रूट यांच्या बिया खुशाल खाव्यात. फक्त पेरूच्या बिया दगडासारख्या असतात, त्यामुळे दातात सिमेंट भरलेल्यांनी जपून. आणि एका बैठकीत पेरूंचा फडशा पाडला तर बियांचा लगदा आतड्याच्या शेवटी घट्ट बसू शकतो. आंब्याच्या कोयीतला गाभा तुरट असला तरी त्यातली चरबी इतकी चांगली की युरोपीय महासंघाच्या नियमांत चॉकलेटमध्ये चालणाऱ्या मोजक्या वनस्पती चरबींत तिचा समावेश आहे. अ‍ॅव्होकॅडोचं बी वाळवून, किसून खा असा सल्ला जोरात आहे. त्या फळाचा प्रचार करणारं कॅलिफोर्नियाचं अधिकृत मंडळच बी खाऊ नका म्हणतं. आणखी काय हवं? प्रयोगशाळेत बीच्या अर्कात अँटिऑक्सिडंट सापडले म्हणून बी खाण्याजोगी होत नाही.

तशी कोको, कॉफी, काजू, जायफळ ही सगळी उष्ण प्रदेशातल्या फळांची बीजंच, पण त्यांच्यामागे भाजणं, आंबवणं, वाफवणं असं बरंच काही झालेलं असतं. ‘कच्चा’ म्हणून विकला जाणारा काजूसुद्धा कवचात वाफवलेला किंवा भाजलेला असतो, कारण कवचातलं तेल कातडीवर फोड आणतं. जायफळ किसून चिमूटभर छान, पण साधारण पाच ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक अख्खं, पोटात गेलं तर छाती धडधडते आणि भास होतात.

चुकून एखादी अनोळखी बी चावली गेली आणि कडू लागली तर थुंकून चूळ भरावी. गिळली गेली असेल तर मुद्दाम उलटी काढू नये. ओकाऱ्या, गुंगी, घाम किंवा झटके दिसले तर लगेच दवाखाना गाठावा, आणि फळाचा उरलेला तुकडा बीसकट सोबत न्यावा. ‘काळी, चकचकीत होती’ एवढ्या वर्णनावरून सीताफळ, चिकू आणि अ‍ॅकी यांत फरक करणं डॉक्टरांनाही जमणार नाही.