फ्रेम मापाची असली की चढही झेपतो

किनाऱ्याने सपाट रस्ता, मग डोंगराची लांबलचक चढण, वर पठार आणि पलीकडे उतार, असा आमचा मार्ग होता. मी आणि माझा धाकटा भाऊ. दोघांच्याही सायकली जुन्या घेतलेल्या, मागच्या कॅरियरला दोन-दोन बॅगा. पैसे बेताचे, त्यामुळे कशावर खर्च करायचा आणि काय चालवून घ्यायचं हे निघण्याआधीच ठरवावं लागलं. रोजच्या ये-जा करायला आणि सुट्टीत लांब जायला एकच स्वस्त सायकल शोधणाऱ्यांना आमचा हा अनुभव उपयोगी पडेल.

आधी फ्रेम बघा. गियर बदलता येतात, सीट बदलता येते, टायर तसेही झिजतातच; फ्रेमची लांबी मात्र आहे तीच राहते. विकणारा सहसा सीटखालच्या नळीचं माप सांगतो. सीट वरखाली होतेच, त्यामुळे त्या मापावर भाळू नका. अंगाला जाणवतं ते सीट ते हँडल हे अंतर. सायकल बघायला गेले की मी आधी सीट माझ्या उंचीला लावते आणि मगच हँडल धरते. कोपर किंचित वाकलेले हवेत, खांदे कानांकडे चढलेले नकोत, आणि हात क्षणभर हँडलवरून उचलले तरी धड पुढे कोसळायला नको. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिलं की मध्ये दोन-तीन सेंटीमीटर मोकळे राहिले पाहिजेत. एवढं जमलं नाही तर बाकी कितीही चकचकीत असलं तरी ती सायकल सोडून द्या.

सीटच्या उंचीसाठी घरीच माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये वर घट्ट दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणलं की पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. माप ८० सेंटीमीटर असेल तर साधारण ७०.६. ही फक्त सुरुवात आहे. पुढे गुडघे सांगतात: समोरून दुखले तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखले किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली तर वर आहे. बदल तीन-चार मिलीमीटरनेच करा आणि थोडं चालवून मग पुढचा करा.

किनाऱ्यावर समोरून वारा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर झाली. तळहाताच्या कडेने जाणारी नस दबली की हे होतं. त्याच्या सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, म्हणून अंग सतत पुढे घसरत होतं आणि भार हातांवर येत होता. नाक सपाट केलं, हँडल धरणारा स्टेम उलटा बसवून हँडल थोडं वर आणलं, आणि पुढच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून वापरलेला, तीन सेंटीमीटरने आखूड स्टेम घेतला. नवीन सायकल घ्यावी लागली नाही. स्टेम याहून फार आखूड करावा लागत असेल तर मात्र फ्रेमच लांब आहे असं समजा.

चढणीवर माझा खर्च वसूल झाला. पुढे २८ दात्यांची लहान चकती, मागे ३४ दात्यांची मोठी: पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटरच सरकते, पण सरकत राहते. ओझं घेऊन बसल्या जागेवरून, श्वास न तुटता चढता येतं. जास्त गियर असण्यापेक्षा सगळ्यात हलका गियर किती हलका आहे ते विचारा.

बॅगांचा त्रास टाचेला होतो. मागचा भाग आखूड असला की पायडल मारताना दर फेऱ्याला टाच बॅगेला लागते. माझ्या पहिल्याच चाचणीत ते दिसलं आणि बॅगा मागे सरकवून सुटलं. म्हणून विकत घेण्याआधी मागे भरलेली बॅग लावून दहा मिनिटं चालवा. कॅरियर आणि मडगार्डसाठी फ्रेमला पेचाची भोकं आहेत ना, रुंद टायर बसायला काट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या मध्ये, जागा आहे ना, हेही बघा.

उतारावर खात्री लागते ती चाकांची. ओझ्यासाठी मागचं चाक ३६ आऱ्यांचं असलेलं बरं. जुन्या सायकलीत आरे दोन-दोन करून बोटांत दाबून पाहा. एखादा ढिला लगेच कळतो. ब्रेक घासतो ती रिमची कड आत वाकलेली, खोल झालेली असेल तर चाक बदलण्याचे पैसे हिशेबात धरा. सीटचा दांडा उपसून बघा. गंजून अडकलेला दांडा काढणं भलतंच जिकिरीचं असतं. दांडा किमान किती आत हवा हे दाखवणारी त्याच्यावरची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. तुमच्या उंचीला ती बाहेर येत असेल, तर फ्रेम लहान आहे.

चेन, केबल, ब्रेकचे पॅड आणि टायर हे खर्चाचे आहेतच, ते घेताना नवे टाकण्याचा अंदाज किमतीतच मिळवा. टायरवर लिहिलेले ६२२, ५८४ किंवा ५५९ हे आकडे (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलीमीटरमध्ये) टिपून ठेवा, नुसतं सव्वीस इंची म्हणून मागितलं तर वेगळ्याच मापाचा टायर हातात पडू शकतो.